गवताचा कावळा

“त्या हत्तीच्या मनात काय होतं, ते तुम्हाला कसं कळलं?”

केरूबुवांनी पळसाचं पान उचललं, देठ खुडला, ते दुसऱ्या पानावर ठेवलं आणि काडी टोचली.

“कुठल्या हत्तीच्या?”

“कालच्या. कथेतल्या.”

“हां, तो होय.”

शिदू मठाच्या पायरीवर उभा होता. चप्पल हातात, पाय कालच्या चिखलानं भरलेले. तो नदीच्या पलीकडच्या काठाचा, नावाड्याचा पोर. सरळ उतारावरून नावेनं आला असता तर विडी संपायच्या आत आडोलीत पोचला असता. पण तो पुलावरनं फिरून आला होता आणि अख्खी दुपार चालला होता. संध्याकाळी कथा ऐकली, रात्री मठाच्या ओसरीवर पडून राहिला, आणि उजाडताच हा प्रश्न घेऊन उभा राहिला.

बुवा स्वतःच कथा रचायचे आणि स्वतःच सांगायचे. रचायचं कसं ते शिकायला लांबलांबून माणसं येत. बुवा त्यांना काय शिकवत ते कुणालाच नीट सांगता येत नसे. बहुतेकांना पत्रावळी मात्र छान लावता येऊ लागत.

काल बुवांनी हत्तीची कथा सांगितली होती. राजाचं सैन्य नदी उतरत असतं. माहूत वाहून जातो. सैन्य पुढं निघून जातं आणि हत्ती एकटाच उताराला उभा राहतो. ऊस घातला तर खात नाही. पाण्यात सोंड घालतो आणि चटका बसल्यासारखी बाहेर काढतो.

“पाण्याला माहुताचा वास येत होता, असं म्हणालात तुम्ही.”

“म्हणालो.”

“हत्तीनं येऊन सांगितलं?”

“नाही बा.”

“मग?”

“मीच घातली सोंड पाण्यात.”

थट्टा चाललीय का, ते शिदूनं बघितलं. चेहऱ्यावर तसं काही दिसेना.

“तुम्हाला कुठाय सोंड?”

“काल होती.”

शिदू मटकन पायरीवर बसला. त्याला राग आला होता, आणि पुढचं ऐकायचंही होतं. एकाच वेळी दोन्ही.

“मी खोटं बोलत नाही बुवा. सातवीत शाळा सुटली माझी. पण खोटं बोलत नाही.”

“बरं.”

“आणि खोटं लिहीतही नाही.”

“लिहितोस होय?” बुवांनी पहिल्यांदा मान वर केली. “बघू.”

शिदूनं सदऱ्याच्या आतून घडी केलेले कागद काढले. घामानं मऊ झाले होते. बुवा म्हणाले, “माझे डोळे गेलेत आता, तूच वाच.” तसा तो शाळेत उभं केल्यासारखा ताठ बसला आणि एकेका शब्दावर बोट ठेवून वाचू लागला.

“माझा भाऊ भैरू. नाव चालवायचा. त्या दिवशी पाणी चढत होतं. आडोलीची माणसं आडोलीला सोडून तो रिकामी नाव घेऊन आमच्या काठाला आला. नाव जांभळीला बांधली. विडी काढली, ती पेटली नाही. गणू गवळी तिथं म्हशी हाकत होता. तो म्हणाला, घरी चल भैरू. भैरू म्हणाला, हो पुढं, आलोच. गणू बांधावर चढला आणि त्यानं मागं बघितलं, तर नाव सुटलेली. भैरू परत आडोलीकडं निघाला होता. नाव खालच्या वळणावर सापडली. भैरू त्याच्या पुढं सापडला.”

तो थांबला.

“पुढं?”

“संपलं.”

“मधलं?”

“मधलं कुणी बघितलं नाही.”

“म्हणून नाही लिहिलं.”

“म्हणून नाही लिहिलं. आडोलीत घर न् घर विचारून झालंय. कुणी हाक मारली नव्हती. कुणी थांबलं नव्हतं. कुणाचं काही नावेत राहिलं नव्हतं. मग तो परत का गेला?”

बुवांनी दुसरं पान ओढलं.

“आई रोज विचारते. ताटावर बसली की विचारते. शिदू, तो परत का गेला रे? मग ती घास ठेवते. मग मी ठेवतो...”

कागदांची घडी त्याला नीट जमेना.

“तुम्ही सांगा बुवा. हत्तीचं कळतं तुम्हाला, मग माझ्या भावाचं कळेल. तुम्ही सांगा, मी लिहितो. आईला वाचून दाखवतो.”

“मी नव्हतो रे तिथं.”

“हत्तीजवळ तरी होता का?”

बुवा हसले. दात फारसे उरले नव्हते, त्यामुळं हसू मोठं दिसलं. “हे बरं धरलंस.”

मग त्यांनी कागदांकडं बोट केलं.

“फिर्याद झकास लिहिलीयस. पोलीसपाटील खूश होईल.”

शिदू ताडकन उठला. दोन ढांगांत अंगण ओलांडून फाटकापर्यंत गेला. फाटक उघडलं. परत आपटलं. आणि तसाच माघारी आला, कारण बोलायचं राहिलं होतं.

“म्हणजे खोटं लिहू? माझ्या मेलेल्या भावाबद्दल?”

“बस.”

“नाही बसत. दहाव्याला बघितलंय मी खोटं. पोटभर बघितलंय.”

“काय बघितलंस?”

“कावळा शिवेना.”

बुवांच्या हातातली काडी थांबली. “सांग.”

“घाटावर पिंड ठेवला. भात, वर दही. समोर बाभळीवर कावळा येऊन बसलाय, पण खाली उतरेना. मग सगळे सुरू झाले. मेलेल्याची इच्छा राहिली की शिवत नाही म्हणतात, तर जो तो इच्छा ओळखायला लागला. आई म्हणाली, धाकट्याचं लग्न लावते रे, काळजी करू नको. कावळा ढिम्म. मामा म्हणाला, नाव विकणार नाही, मी चालवतो. ढिम्म. त्याचा दोस्त बाळू म्हणाला, कोंबडीचा रस्सा घालतो, सोबत आणखी जे लागतं ते घालतो. तिथंसुद्धा माणसं हसली बुवा. सरपंच म्हणाले, भैरू, या उताराला पूल करून घेऊ. तर कावळा होता त्या फांदीवरून उठला आणि वरच्या फांदीवर पाठ करून बसला.”

“शहाणा कावळा.”

“हसू नका.”

“नाही हसत. तू काय म्हणालास?”

“मी काही म्हणालो नाही.”

“का?”

“त्याला काय पाहिजे होतं ते मला काय माहीत? ते सगळे आपापलंच मागत होते. आईला माझ्या लग्नाची घाई. मामाला नाव पाहिजे. बाळूला...” शिदूनं हात झटकला. “उन्हं डोक्यावर आली. मग भटजींनी दर्भ घेतला, वळला, एक गाठ मारली. म्हणाले, हा कावळा. पिंडाला लावला. म्हणाले, शिवला! सगळे उठले. आंघोळी करून घरी गेले.”

“आणि आई?”

“आई त्या दिवशी जेवली. भैरू गेल्यावर पहिल्यांदा.”

बुवांनी मान हलवली.

“गवत बघून जेवली बुवा! सगळ्यांना दिसत होतं, गवत आहे. तिलाही दिसत होतं. आणि तुमचा धंदाही तोच. गवताचे कावळे वळायचे, आणि म्हणायचं शिवला.”

एवढं बोलून झाल्यावर आपण कुणाशी बोललो ते शिदूच्या ध्यानात आलं. त्यानं मान खाली घातली. आता बुवा उठतील, काठी घेतील, नाहीतर नुसतं हातानं फाटक दाखवतील.

बुवांनी पान खाली ठेवलं. पुढं वाकले. डोळे बारीक करून त्यांनी विचारलं,

“डोळे होते का रे त्याला?”

“कुणाला?”

“गवताच्या कावळ्याला.”

“नव्हते. नुसती गाठ होती.”

“चोच?”

“...थोडी. टोक राहिलं होतं एक.”

“बघत कुठं होता?”

शिदू गोंधळला. “गवत कुठं बघेल?”

“मला तेच वाटलं,” बुवा म्हणाले. “भटजींना घाई असते. त्या आडाशेजारी बघ, लांब पात्याचं आहे. घेऊन ये मूठभर.”

“कशाला?”

“तू वळ.”

“मला येत नाही.”

“कावळा बघितलायस ना?”

असं विचारल्यावर नाही कसं म्हणणार? शिदू गेला आणि रागारागानं गवत उपटलं, मुळासकट, मातीसकट. पायरीवर बसून वळायला लागला. नावाड्याचे हात ते, गाठीला सरावलेले. पहिला कावळा लगेच झाला.

बुवांनी तो सगळीकडून फिरवून बघितला.

“कोंबडी चांगली झालीय.”

शिदूनं ती अंगणात भिरकावली. दुसरा वळला. तो केरसुणीसारखा झाला, हे त्याचं त्यालाच दिसलं. बुवांना न दाखवताच त्यानं तो सोडवला. तिसऱ्याला वेळ लागला. मान करताना त्याचा हात थांबला. मान सरळ केली की कोंबडी होत होती. त्यानं ती थोडी डावीकडं वळवली. मग आणखी थोडी.

“अशी का?” बुवांनी विचारलं.

“तिरकी बघायचा.”

“कोण?”

“आमच्या नावेवर एक यायचा. नाळेवर, पुढच्या टोकाला, येऊन बसायचा. भैरूदादा भाकरी सोडायला लागला की मान अशी करायचा. दादा त्याला करपलेली कड तोडून टाकायचा. मी म्हणायचो, कशाला सवय लावतोस, तर म्हणायचा, भाडं देतो तो मला.”

“कसलं भाडं?”

“काय की. काहीतरी बोलायचा तो...”

शिदूनं कावळा पायरीवर ठेवला. तो उभा राहिला. कलला, पण राहिला.

“हा कोण?” बुवांनी विचारलं.

“आमच्या नावेवरचा.”

“मगाशी तर गवत होतं.”

शिदूनं कललेली शेपूट बोटानं सरळ केली.

“त्या दिवशी हा कुठं बसला होता?”

“कुठल्या...” मग त्याला कळलं. “मला काय माहीत? मी तर घरी होतो.”

“तुला नाही विचारलं. त्याला विचारतोय.”

बुवा पुन्हा पत्रावळीकडं वळले. पान, काडी. पान, काडी. शिदू गवताकडं बघत राहिला. मग त्यानं इकडंतिकडं बघितलं, कुणी नव्हतं, आणि तो पायरीवर आडवा झाला. गाल फरशीला टेकला, डोळा कावळ्याच्या मानेच्या उंचीला आणला. तिथनं अंगण वेगळंच दिसत होतं. मघाची कोंबडी डोंगराएवढी वाटत होती.

“जांभळीवर,” तो म्हणाला. “भिजत होता.”

“हं.”

“खाली नाव बांधलेली. खाली दादाचं डोकं. टॉवेल गुंडाळलेला. गणू गेला. दादा पलीकडं बघतोय...”

“हं.”

“पलीकडं एक बाई उभी आहे. कडेवर लेकरू. पाणी तिच्या पायाला लागलंय, ती हात करतेय, वाचवा वाचवा...”

“हे सरपंचाचं,” बुवा म्हणाले. मान वर केली नाही.

शिदूचे कान तापले. कारण सरपंचांचं आता गावात भैरूच्या नावाचा फलक लावायचं चाललं होतं आणि त्यावर अशीच काहीतरी बाई काढायची होती. त्यानं डोळे मिटले.

“बाई नाही. कुणी नाही पलीकडं. दादाला वाटलं, मी आडोलीत अडकलोय. मला न्यायला तो...”

आवाज फाटला.

पत्रावळ थांबली. बुवा हळू म्हणाले,

“हे तुझं.”

“मी घरीच होतो बुवा. आणि त्याला ते माहीत होतं...”

“म्हणून तर तुझं.”

शिदू रडला. फरशीवर गाल ठेवूनच रडला, नाकातलं पाणी ओठावर आलं तरी पुसलं नाही. बुवांनी त्याला रडू दिलं. एक पत्रावळ पुरी झाली, तेवढा वेळ.

“पुढं सांग.”

“नाही येत पुढं. तो पलीकडं काय बघत होता ते दिसतच नाही.”

“पलीकडचं तुला पाहिजे. कावळ्याला काय पाहिजे?”

शिदू विचारात पडला. “...भाकरी.”

“मग भाकरी बघ की. कशाला उगाच लांब बघतोस?”

शिदूनं पुन्हा डोळा कावळ्याजवळ नेला. या वेळी घाई केली नाही.

“भाकरी टॉवेलाच्या कोपऱ्यात बांधलेली. भिजलीय. दादा गाठ दातानं सोडतोय, कारण त्याच्या अंगठ्याला दोर लागला होता, चिंधी बांधलेली. कावळा खाली नाळेवर आला. मान केली. दादा म्हणतोय, आलास का? आज सगळीच ओली आहे बघ, करपट-बिरपट काही कळत नाही. एक तुकडा तोडला. फेकला नाही. नाळेवर ठेवला, बोटानं. पेटली नाही ती विडी कानावर आहे. मग वाकला आणि नावेची गाठ सोडली. पलीकडं बघितलं की नाही, ते कावळ्याला माहीत नाही, कारण कावळा तुकड्याकडं बघतोय...”

“मग?”

“मग नाव हलली. कावळ्यानं तुकडा उचलला आणि उडाला.”

“त्यानं पुढचं बघितलं?”

“नाही. पाठ झाली त्याची.” शिदू थांबला. “पण शीळ ऐकली.”

बुवांनी हातातलं पान खाली ठेवलं.

“नाव लोटताना घालायचा. डाव्या पायानं काठ लोटायचा आणि शीळ घालायचा, एवढीशीच, गाणं नाही काही. पोटात भीती असली की घालायचा नाही. मागच्या सालच्या पुरात घातली नव्हती. मी होतो नावेत.”

“आणि त्या दिवशी?”

शिदूनं तोंड उघडलं. गणू गवळी तोवर बांधावर होता, वारा होता, पाण्याचा आवाज होता. कुणी काही ऐकलेलं नव्हतं.

“घातली,” तो म्हणाला.

आणि उठून बसला. गालावर फरशीची माती तशीच. स्वतःच्याच तोंडाला त्यानं हात लावून बघितला.

“हे मला कुणी सांगितलं?”

“मला काय विचारतोस? मी पत्रावळ लावतोय.”

“मी रचलं नाही बुवा. म्हणजे... रचलंच. पण रचताना मला माहीत नव्हतं. तो तुकडा बोटानं ठेवला, ते मला बोलल्यावर दिसलं. असं कसं होतं?”

बुवांनी खांदे उडवले. त्यांनाही ते नवल वाटत असावं, निदान चेहरा तसा होता.

“पण हे खरं आहे का?”

“तो भैरू आहे का?”

शिदूनं डोळे मिटले. चिंधी बांधलेला अंगठा. कानावरची विडी. दातांत गाठ.

“आहे.”

बुवांनी त्याच्याकडं बघितलं.

“आहे बुवा. तोच आहे.”

बाहेर ऊन वर आलं होतं. नदीकडून कुणाची तरी हाक आली, मामा नाव लावत असेल. पाणी उतरून आता बरेच दिवस झाले होते. आडोलीची माणसं पुन्हा उतारानं जाऊ-येऊ लागली होती. शिदूच तेवढा, भैरू गेल्यापासून, पुलावरनं जात होता.

“पण तो परत का गेला, ते कळलंच नाही,” शिदू म्हणाला.

“नाही कळलं.”

“मग आईला काय सांगू?”

बुवा गुडघ्यावर हात टेकून उठले. आत गेले. येताना भाकरीचा तुकडा घेऊन आले, करपलेल्या कडेचा. तो त्यांनी गवताच्या कावळ्याजवळ ठेवला आणि दोन्ही उचलून शिदूच्या ओंजळीत दिलं.

“तू नको सांगूस. तिला विचार, तुकडा घेऊन कावळा कुठं गेला.”

शिदूनं कागद बाहेर काढले. कावळा त्यांच्यात ठेवला, मान दुमडणार नाही असा. सदऱ्यात घातला. चप्पल घातली. फाटकापर्यंत गेला. ते या वेळी हळू उघडलं. आणि पुन्हा वळला.

“बुवा, त्या हत्तीचं काय झालं?”

“कुठल्या?”

“कालच्याच. सैन्य गेलं, तो उताराला उभा राहिला. तिथंच तुम्ही आरती घेतलीत. पुढं काय झालं त्याचं?”

“व्हायचंय काय? उभा आहे.”

“अजून?”

“अजून. सोंड बुडवतो आणि काढतो.” बुवा खाली बसले. नवं पान उचललं. “तू तिकडंच निघालायस ना? त्याला पलीकडं ने.”

शिदूनं पुलाकडच्या रस्त्याकडं बघितलं. मग उताराकडं बघितलं. मामाची हाक पुन्हा आली.

बुवांनी देठ खुडला.

“पुलावरनं नेऊ नकोस.”